हुरडा पार्टीचा रिव्ह्यू : आगटीपाशी पैकीच्या पैकी, बाकी आवारात काठावर पास

शिरूर सोडून घोड नदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), तिथून आत वळून अर्धा तास गेलं की हे कृषी पर्यटन केंद्र. नाव मुद्दाम देत नाहीये. मालक भला माणूस आहे आणि मी ज्या गोष्टींवरून खाली कटकट करणारे त्या या सगळ्या पट्ट्यात थोड्याफार फरकाने अशाच असतात, मग एकट्यालाच कशाला धरायचं. जानेवारीतला रविवार, मोठ्यांना ८५०, दहा वर्षांखालच्यांना ५००, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, त्यात नाश्ता, अनलिमिटेड हुरडा, जेवण, चारचा चहा आणि 'ॲक्टिव्हिटीज'. आम्ही म्हणजे मी, नवरा, लेक, पुतण्या आणि सासूबाई. सासूबाई मंगळवेढ्याच्या, हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे त्याचा संबंध येणारे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि आमच्या आईंचा आव असा की ते त्यांच्याच नावावर आलंय.

घाईत असाल तर निकाल इथेच घ्या. हुरडा आणि आगटी (म्हणजे तो भाजायचा विस्तवाचा खड्डा) पैकीच्या पैकी, शेत पैकीच्या पैकी, जेवण चांगलं, टॉयलेट स्वच्छ (हे बायकांसाठी वेगळं लिहितेय, वाचा आणि निश्चिंत व्हा), डीजेला शून्य, रेन डान्सला मी परीक्षेलाच बसू देत नाही. आता सविस्तर.

गेटवर कुंकू लावलं, तुतारी वाजली, फेटा बांधून घ्यायचा तर वेगळे पैसे, तो पुतण्याने हट्टाने बांधून घेतला आणि दहा मिनिटांत काढून माझ्या पर्समध्ये कोंबला. नाश्त्याला पोहे आणि मटकीची उसळ, ठीक. गुळाचा चहा मात्र फर्मास, आलं ठेचून घातलेलं, तीन कप घेणारी मंडळी मी पाहिली. आत शिरल्या शिरल्या एक मोठा बोर्ड, त्यावर दिवसाचं टाइमटेबल. साडेदहा हुरडा, साडेअकरा रेन डान्स, साडेबारा हाऊजी, मग जेवण, अडीचला 'बालपणीचे खेळ', साडेतीनला बैलगाडी. आणि एक माइकवाला मुलगा, जो दर पाच मिनिटांनी आपण एन्जॉय करतोय की नाही हे आपल्यालाच विचारतो. शाळेतून सुटका करून पोरांना शेतावर आणायचं आणि तिथे परत तास लावायचे, हे डोकं कोणाचं असतं मला कळत नाही.

साडेदहाला हुरड्याचं काउंटर उघडलं. शेडमध्ये टेबलं, टेबलावर झाकणाचे स्टीलचे डबे, त्यात आधीच चोळून ठेवलेला हुरडा, कागदी द्रोणात दोन डाव आणि वर लाकडी चमचा. रांग भलीमोठी. आईंनी एक चमचा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि द्रोण माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ह्यो हुरडा न्हवं. चघळायचं काम हाय नुसतं." मग काउंटरवरच्या पोराला विचारलं, "आगटी कुठंय रं?" तो म्हणाला, "मागं आहे आज्जी, पण तिकडं लई धूर आहे." आई म्हणाल्या, "मग धुरासाठीच आलोय की."

आणि इथून पुढे आमचा दिवस सुरू झाला.

शेडच्या मागे, शेताच्या कडेला, जमिनीत खणलेला वीतभर खोल लांबट खड्डा, त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवून फुललेला विस्तव, वर राखेची साय. हीच आगटी. एक म्हातारे बाबा उकिडवे बसलेले, डोक्याला मळकट टॉवेल, हातात एक बाभळीची काठी. त्यांच्या बाजूला गोणपाटावर दोन मावश्या, पुढ्यात सूप, आणि कडेला नुकत्या तोडलेल्या कणसांचा हिरवागार ढीग. पाव्हण्यांसाठी काही सोय नाही, खुर्ची नाही, बोर्ड नाही. काउंटरला माल इथून जातो म्हणून हे 'किचन'मध्ये धरत असावेत. आम्ही जाऊन उभे राहिलो तर बाबा म्हणाले, "या पाव्हणं, बसा. वाऱ्याच्या अंगाला बसू नगा, डोळं जातील." मावशींनी सरकून गोणपाट मोकळं करून दिलं. बस्स, एवढंच आमंत्रण.

ज्यांनी कधी हे बघितलं नाही त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण सगळा खेळ इथे आहे. बाबा पाच-सहा कणसं दांड्याला धरून डोक्याकडून राखेत खुपसतात, वरून निखारा ओढतात. पहिली काही सेकंद काहीच होत नाही. मग आतून बारीक तडतड सुरू होते, दाण्याच्या वरचं टरफल तडकायचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग ओलावा निखाऱ्यावर आला की चर्रर्र. बाबा कणसाकडे बघतच नाहीत! आमच्याशी बोलतायत, तंबाखू मळतायत, आणि तडतड मंदावली की बरोबर काठीने कणीस फिरवतात. मी विचारलं कळतं कसं, तर म्हणाले "बोंबलतंय की ते." त्यानंतर मी पण कान लावून बसले, आणि खरंच, तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला पण अंदाज यायला लागला की आता काढा. काढलं की काठीवर दोन टोले, राख झटकली, आणि कणीस थेट तुमच्या हातात.

हात भाजतो म्हणजे भाजतोच, त्याला इलाज नाही, या तळव्यावरून त्या तळव्यावर करत राहायचं. मग दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं, जोर लावून पण दाणा चिरडेल इतका नाही. चोळता चोळता आधी खरखर लागते, मग अचानक हाताला काहीतरी गुळगुळीत, ओलसर, गरम लागायला लागतं, म्हणजे दाणे सुटले. ओंजळ उघडायची, फुंकर मारायची, फोलपटं उडून शेजारच्याच्या मांडीवर (माझ्या बाबतीत नवऱ्याच्या स्वेटरवर), आणि हातात उरतात पोपटी, किंचित सुरकुतलेले, मोत्याएवढे दाणे. ते तसेच गरम तोंडात. आधी धुराचा वास येतो, मग दातांखाली दाणा फुटतो आणि आतलं दूध गोड लागतं, कच्चा गोडवा, साखरेचा नाही. मग चिमूटभर शेंगदाण्या-लसणाची चटणी. मग परत दाणे. तळवे काळे, नखांत राख, ओठांच्या कडेला काळं, आणि कोणाला काही पडलेली नाही.

आता त्या काउंटरवरच्या द्रोणातला आणि हा, एकाच शेतातला, एकाच आगटीतला. फरक वीस मिनिटांचा. पण हुरड्याला वीस मिनिटं म्हणजे फार झाली हो, तो गार होतो तसा चिवट होत जातो, वास निघून जातो, दूध आतल्या आत आळतं. त्यामुळे माझं सरळ मत असं की हुरडा पार्टीच्या रेटिंगला बाकी काही बघायचंच नाही, आगटी आणि तुम्ही यांच्यात अंतर किती ते बघायचं. हातभर असेल तर पैसे वसूल. मध्ये काउंटर, डबा, चमचा, रांग येत गेली की प्रत्येक गोष्टीला मार्क कापत जायचे.

बाबा मूळचे त्याच गावचे, त्यांची स्वतःची पण ज्वारी होती, आणि एकदा आईंचं माहेर मंगळवेढा कळल्यावर त्यांनी आमच्याकडे पाव्हणे म्हणून बघणं सोडून परीक्षक म्हणून बघायला सुरुवात केली. दोघांची जी काही जुंपली! मालदांडी भाकरीला, हुरड्याला नाही, यावर एकमत. ती सगळ्यांना माहीत असलेली मालदांडी ३५-१ सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्राची, भाकरी पांढरी, गोड, पण हुरडा म्हटलं की गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही नावं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पण खास हुरड्यासाठी वाण काढलेत, फुले उत्तरा, फुले मधुर. या वाणांचं वैशिष्ट्य म्हणजे दाणा गोड तर असतोच पण कणीस चोळलं की तो सहज सुटतो, टरफल दाण्याला चिकटून बसत नाही. साधी ज्वारी चोळून बघा म्हणजे कळेल, हात सोलवटतो आणि तोंडात निम्मा भुसा येतो.

आणि टायमिंग. दाण्यात दूध भरलंय पण अजून कडक झालेला नाही, मधली ती अवस्था, एका कणसाला जेमतेम आठवडाभर टिकते. नंतर गोडी जाऊन पीठ भरायला लागतं. मग हे लोक डिसेंबर ते फेब्रुवारी रोज हुरडा कसा देतात? बाबांनी शेताकडे हात करून दाखवलं. एकाच रानात तीन पट्टे दिसत होते, एक गुडघ्याच्या वर, एक निसवायला (कणसं बाहेर पडायला) आलेला, एक कणसांनी वाकलेला. पेरणीच अंतर ठेवून टप्प्याटप्प्याने केलेली. मला हे माहीत नव्हतं आणि फार आवडलं, म्हणजे वरून नुसतं हिरवं दिसतंय त्यात अख्खा सीझन रांगेत उभा.

मग पोरं कंटाळतील असं मला वाटलं तेवढ्यात बाबांनीच खेळ काढला. पुतण्याला म्हणाले डोळं मीट. दोन वेगळ्या वाणांची कणसं भाजली, एक-एक ओंजळ दिली, ओळख म्हणाले गुळभेंडी कुठली आणि सुरती कुठली. पहिल्यांदा सगळे तुक्के. दुसऱ्यांदा लेक म्हणाली ही जास्त गोड आहे आणि ही जास्त मऊ आहे. तिसऱ्यांदा तिने न चावता नुसतं जिभेवर फिरवून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं! माझी लेक, जी भाजीत कांदा दिसला तर ताट ढकलते, ती डोळे मिटून जिभेवर ज्वारी घोळवतेय हे दृश्य बघून मला काही सुचेना. नवरा सलग चुकला. मी निम्म्या वेळा. मग आईंची पाळी. त्यांनी डोळे मिटले, पहिली ओंजळ चावली, वाण बरोबर सांगितला, दुसरी चावली, तोही बरोबर, आणि वर म्हणाल्या, "पण हे दुसरं काल तोडल्यालं हाय." बाबा मावशींकडे बघून हसायला लागले. खरंच ते आदल्या संध्याकाळी तोडलेल्या ढिगातलं होतं. त्यानंतर बाबांनी आईंना चहा आपल्या किटलीतला दिला, आम्हाला नाही.

तोंडी लावण्याबद्दल. शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची आणि तिळाची अशा चार कोरड्या चटण्या, गूळ, दही, रेवड्या, गोडीशेव, बोरं, उसाची कांडकी. जवसाची एक नंबर, किंचित कडवट आणि धुराशी जमते. दह्यात हुरडा कालवून खाणारे लोक पण होते, लहान मुलांना ठीक, पण मला विचाराल तर गरम दाणा दह्यात घालून गार करायचा असेल तर मग काउंटरवरचाच घ्या की. तिखट शेव घालून भेळ करण्याचा प्रकार बंद व्हावा असं माझं मत, शेवेच्या तेलापुढे हुरड्याचं काही चालत नाही.

आता डीजे. साडेअकराला रेन डान्स सुरू झाला आणि आगटीपाशी तडतड ऐकू यायची बंद झाली. हे अक्षरशः सांगतेय. बाबांना कणीस बघून काढावं लागायला लागलं आणि दोन करपली. जानेवारीच्या उन्हात पाण्याचे फवारे, त्याखाली ओली माणसं, स्पीकरवर तीच गाणी जी लग्नात, गणपतीत आणि सोसायटीच्या गॅदरिंगला असतात. मी जाऊन मालकांना सांगितलं की दादा आवाज जरा कमी करता येईल का. ते म्हणाले, "ताई, खरं सांगू का, निम्मं पब्लिक त्याच्यासाठीच येतं. नुसता हुरडा ठेवला तर कंपनीवाले बुकिंग करत नाहीत." आणि त्यांनी थोडा कमी केला पण. मला त्यांचं म्हणणं कळतं. हुरड्याचा सीझन दोन-अडीच महिन्यांचा, तेवढ्यात शेतीच्या वरचे दोन पैसे करायचे. बारामतीजवळ पळशीवाडीला २००५ च्या सुमाराला कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा राहिला, सरकारचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, आता प्रत्येक फाट्यावर बोर्ड दिसतो, कॉम्पिटिशन वाढली, मग एकाने रेन डान्स ठेवला की दुसऱ्याला ठेवावाच लागतो. पण माझा मुद्दा एवढाच की स्पीकर आगटीच्या उलट्या टोकाला लावा ना, शेत काय छोटं आहे का.

आवाजापासून लांब जायचं म्हणून आम्ही शेतात शिरलो आणि हा भाग बोर्डावरच्या टाइमटेबलात कुठेच नव्हता. ज्वारीच्या पलीकडे हरभरा. मावशींपैकी एक सोबत आल्या होत्या डहाळे उपटायला, त्यांनी लेकीला सांगितलं झाडावरून नुसता हात फिरव आणि बोटं चाट. तिने चाटली आणि तोंड असं केलं की बस! आंबट. हरभऱ्याच्या पानांवर ती बारीक लव असते ना, त्यातून आंबट द्रव सुटतो, त्यालाच आंब म्हणतात. पूर्वी पहाटे हरभऱ्यावर स्वच्छ पंचा अंथरून दवाबरोबर ती टिपून घ्यायचे आणि पिळून बाटलीत ठेवायचे, पोटदुखीला औषध म्हणून. ते सगळं आईंनी सांगितलं, लेकीचं लक्ष नव्हतं, ती आणि पुतण्या ओळीने सगळी झाडं चाचपत आणि बोटं चाटत निघाले होते. चप्पल काढून चाला, हे मी खास सांगेन. वरची काळी माती उन्हाने तापलेली आणि भेगाळलेली, पण ज्वारीच्या दाट सावलीत शिरलं की पायाखाली एकदम गार आणि मऊ. रब्बीची ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते असं आपण पुस्तकात वाचतो, ते तळपायाला लागतं तिथे. उसाच्या पाचटात मात्र अनवाणी जाऊ नका, पाय कापतात.

आणि गोफण! हे आधी लिहायला हवं होतं खरं म्हणजे. दुपारकडे भोरड्यांचा थवा आला. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना, हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि ज्वारीवर तुटून पडतात. शेकड्यांनी. आधी आवाज येतो, पंखांचा एकदम फर्रर्र, आणि मग अख्खा थवा वळतो तेव्हा ऊन त्यांच्यावरून सरकत जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा चोरांचा तांडा. मचाणावर एक पोरगा बसलेला, त्याने गोफण काढली. सुताची विणलेली, मधे खोबणी, एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत, खोबणीत मातीचं ढेकूळ, डोक्याभोवती गरागरा फिरवून चिमटीतलं टोक सोडायचं. सुटताना फट्ट असा जो आवाज होतो ना, चाबकासारखा, त्याने पाखरं उठतात, ढेकूळ लागायची गरज नाही. त्याने पुतण्याला शिकवली. पहिलं ढेकूळ मागे गेलं. दुसरं सरळ वर गेलं आणि आम्ही सगळे डोक्यावर हात धरून पळालो. मग त्या पोराने अक्कलहुशारीने ढेकूळ काढून घेतलं आणि नुसती रिकामी गोफण वाजवायला दिली. तासभर नुसतं फट्ट, फट्ट. फोन माझ्या पर्समध्ये त्या फेट्याखाली पडून होता, पुतण्याने तो विचारला पण नाही. मालकांना विनंती आहे की गोफण ॲक्टिव्हिटी म्हणून बोर्डावर टाकू नका, टाकलीत तर टोकन लावाल.

जेवण एक वाजता. ज्वारीची आणि बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, शेंगोळी, ठेचा, इंद्रायणीचा भात, शेवटी ताक. भाकऱ्या समोर चुलीवर होत होत्या आणि थापण्याचा आवाज ऐकत रांगेत उभं राहायला बरं वाटलं. भरीत उत्तम, वांगी त्याच आगटीत भाजलेली होती, त्यामुळे वासाला तोड नाही. शेंगोळी जरा जास्त शिजलेली. पिठलं पब्लिकसाठी मवाळ केलेलं, ठेच्याने दुरुस्त करून घ्या. एक सूचना, हुरडा पोटभर खाल्ल्यावर जेवण जात नाही, सगळ्यांच्या ताटात अन्न उरत होतं आणि ते बघवत नव्हतं. कमी वाढून घ्या.

अडीचचे 'बालपणीचे खेळ' म्हणजे हिरव्या जाळीच्या आत कृत्रिम गवतावर प्लास्टिकची विटी आणि प्लास्टिकचा दांडू. प्लास्टिकची! उडतच नाही ती, टोला मारला की बाजूला लोळते. दोन मिनिटांत पोरं बाहेर. मग मचाणावरच्याच पोराने कोयत्याने बाभळीच्या फांदीची विटी तासून दिली, दोन्ही टोकं छान निमुळती, आणि बाहेर मोकळ्या रानात खरा डाव सुरू झाला. ज्यात पोरं कमी आणि पोटं सुटलेले बाप जास्त. आमचा, एक पिंपरीचा ग्रुप, एक नाशिकचं कुटुंब. मोजणीवरून लगेच भांडण, वकट लेंड मूंड नालपर्यंत सगळे एकत्र, पुढे प्रत्येक गावाचं वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. कॉर्पोरेटमधले मॅनेजर लेव्हलचे लोक रानात उभे राहून "झाला नाही, झाला नाही, लांबी मोजा" म्हणून ओरडत होते. तिथे माइकवाला आला आणि म्हणाला बक्षीस ठेवू या का, त्याला सगळ्यांनी मिळून पिटाळला.

भोवरे पण होते, ते मात्र चांगले लाकडी, लोखंडी आर असलेले. जाळी गुंडाळून टाकायला मला अजून येतं हे बघून लेकीच्या नजरेत माझी किंमत वाढली. हातजाळी, म्हणजे जमिनीवर न टाकता थेट तळहातावर घ्यायचा, ते नवऱ्याने करून दाखवलं. तळहातावर फिरणाऱ्या भोवऱ्याची गुदगुली कशी असते ते लिहून सांगता येत नाही, लेक किंचाळली, मग 'परत, परत' सुरू. बैलगाडीची फेरी पाच मिनिटांची, वीस जण कोंबलेले, बैलांची दया आली, ती सोडली तरी चालेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. धुराचा त्रास असेल, दमा असेल तर आगटीपाशी खरंच बसू नका, वारा कधीही फिरतो. लोकरीचं काही घालू नका, तो वास दोन धुण्यांनी पण जात नाही (मला आवडतो, पण ऑफिसात लोक विचारतात). पांढरे कपडे अजिबात नको. निघताना गेटवर किलोच्या पॅकिंगमध्ये हुरडा विकायला असतो, तो खायला म्हणून घेऊ नका, थालीपीठ किंवा वडे करायला घ्यायचा तर घ्या, त्याला मस्त लागतो, कांदा, ओवा आणि हिरवी मिरची घालून.

बुकिंगचा फोन कराल तेव्हा पॅकेजमध्ये काय काय आहे ते विचारत बसू नका, ते फोटोंसकट व्हॉट्सॲपवर येतंच. आगटीपाशी बसून खाऊ देता का, ते विचारा. ज्वारी स्वतःच्या रानातली आहे की बाहेरून येते, ते विचारा, कारण बाहेरून येत असेल तर ती आईंच्या भाषेत काल तोडल्यालीच असणार. आणि डीजे कधी असतो ते विचारून त्याच्या आधी पोचा, म्हणजे नऊला नाही, साडेआठला. जमत असेल तर मधल्या वारी जा, आम्ही निघताना मालक स्वतःच म्हणाले की मंगळवार-बुधवारी स्पीकर लावतच नाही, पब्लिक नसतं, आणि पैसे पण शंभर रुपये कमी. संक्रांतीच्या आसपासचे पंधरा दिवस सगळ्यात चांगले. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कोणी कितीही आग्रह केला तरी हुरड्यासाठी जाऊ नका, तोवर दाणा कडक झालेला असतो, तेव्हा ज्वारीच विकत आणा आणि भाकऱ्या करा.